तिसऱ्या दगडाची जागा

१

माझं काम सांगायला अगदी सोपं आहे. जिल्ह्यात रस्त्याकडेला, बांधावर, पडक्या देवळांच्या अंगणात जे जुने कोरीव दगड उभे आहेत, त्यांची नोंद करायची. टेप लावायचा, उंची-रुंदी-जाडी लिहायची, चारही बाजूंनी फोटो काढायचे, गावाचं नाव टाकायचं आणि पुढच्या दगडाकडे जायचं. त्यातले बहुतेक वीरगळ असतात; कुठल्यातरी विसरलेल्या झटापटीत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभे केलेले. जवळपास चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड बसवून बांधलेलं एखादं हेमाडपंती देऊळ असलं, तर त्याचाही नकाशा काढायचा. दोन वर्षांत मी चारशेच्या वर दगड मोजले. एकाही दगडाने मला कधी त्रास दिला नाही.

मी शाल्मली. यवतमाळला राहते. घरात सगळे कचेरीत नोकरी केलेले, त्यामुळे आकडा लिहिला की गोष्ट संपली, असं मानायची मला लहानपणापासून सवय.

मागच्या वर्षी मे महिन्यात यादीत माळहिवऱ्याचं नाव आलं. फुलसावंगीवरून आत जावं लागतं. गावाबाहेर नवा रुंद केलेला डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. रस्त्याच्या टोकाला एक बुटकं देऊळ. गावातले त्याला काळं देऊळ म्हणतात. मोठ्या सडकेपासून त्या देवळापर्यंत डाव्या हाताला एकेक दगड उभा. पुरुषभर उंचीचे, वर चंद्र-सूर्य कोरलेले, खालचं सगळं झिजून सपाट झालेलं.

मी पहिल्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत टेप धरत गेले. एकशे चौऱ्याऐंशी मीटर. चौथा ते पाचवा, एकशे चौऱ्याऐंशी. पाचवा ते सहावा, तेवढंच. वीतभराचाही फरक नाही. दुसरा आणि चौथा यांच्यामध्ये मात्र याच्या बरोबर दुप्पट अंतर होतं. तिसरा दगड नव्हता.

वीरगळ असे अंतर मोजून कोणी लावत नाही. माणूस जिथे पडला तिथे दगड लागतो.

मी हे वहीत लिहीत होते तेव्हा एक बाई शेळ्या घेऊन आली. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाभळींकडे जायचं होतं तिला. पण ती कडेलाच थांबली. शेळ्याही थांबल्या, एकीमागे एक, मान खाली घालून. मला वाटलं, मी फोटो काढतेय म्हणून.

"जा ना बाई, मी नंतर काढते," मी म्हटलं.

"तुमीच बाजूले व्हा," ती म्हणाली. "सवाबारा होऊन राह्यले."

पाचेक मिनिटांनी ती रस्ता ओलांडून गेली.

२

देवळात शिरल्यावर आधी बरं वाटलं, कारण बाहेर पंचेचाळीस अंश होते आणि आत दगडाचा गारवा होता. छोटा मंडप, चार खांब, पुढे गाभारा. गाभाऱ्यात देव नव्हता. पिंड नाही, मूर्ती नाही, मूर्तीच्या बैठकीची खूणसुद्धा नाही. दिवा लावलेला होता तो बाहेर, उंबरठ्यावर.

टॉर्च लावून मी फरशी पाहिली. दारापासून गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत एक पट्टा झिजलेला होता. दीड हात रुंद, मधोमध खोल, काठाला उथळ. अनवाणी पायांनी शेकडो वर्षं झिजलेला दगड मला ओळखता येतो. त्याला एक मऊ चमक येते. ही तीच चमक होती.

जुन्या देवळात फरशी झिजणारच. पण माणूस देवापुढे जातो, थांबतो, वळतो, परत येतो. त्यामुळे देवासमोर दगड गोल झिजतो, ताटासारखा. इथे तसं काही नव्हतं. पट्टा सरळ जात होता, भिंतीला काटकोनात भिडत होता आणि भिंतीखाली जात होता. भिंतीजवळ तो सगळ्यात खोल होता. मी भिंतीच्या तळाशी बोटं घातली. चार बोटं आरामात आत गेली.

आधी फरशी असेल, भिंत नंतर घातली असेल, मी स्वतःला सांगितलं. मग बाहेर जाऊन देवळाच्या मागे पाहिलं. तिकडे उंच जोतं, त्याखाली नांगरलेलं शेत. कोणे एके काळी दार असल्याची एकही खूण नव्हती. सगळ्या थरांचे सांधे एकसारखे, एकाच वेळी बसवलेले. म्हणजे भिंत पहिल्यापासून होती आणि लोक पहिल्यापासून भिंतीकडे चालत गेले होते.

परत आत आले तेव्हा मी आपोआप पट्ट्याच्या बाजूने चालले. त्यावर पाय ठेवला नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. कुणाच्या अंथरुणावर चपला घालून जाऊ नये, तसं काहीतरी वाटलं एवढंच.

३

"तुमी दगड मोजून राह्यल्या ना मॅडम? तिसरा माह्याकडे हाये."

देवळाबाहेर एक म्हातारा सायकल धरून उभा होता. उंच, सडसडीत, डोक्याला पांढरा दुपट्टा. नागोराव त्यांचं नाव. याच रस्त्यावर बत्तीस वर्षं मैलकुली म्हणून काम केलेलं. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला तेव्हा यंत्राने तिसरा दगड उपटला आणि मजूर तो भरावात टाकायला निघाले. नागोराव नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी हातापाया पडून तो मागून घेतला आणि अंगणात आणून उभा केला.

"आमच्या बापानं छप्पन साली देव सोडले," सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालताना ते म्हणाले. "मी कोन्या दगडाले हात जोडत नाई. पन बत्तीस वर्षं त्याच्यापाशी बसून भाकर खाल्ली ना. त्याले खड्ड्यात गाडताना पाह्यवलं नाई."

त्यांचं घर दुसऱ्या आणि चौथ्या दगडांच्या मधे, रस्त्यापासून दीडशे पावलं आत. टिनाचं छप्पर, अंगणात लिंब, लिंबाखाली तो दगड. मी टेप काढला, पण नागोराव दारात उभे होते.

"ते नंतर. आधी आत या."

बाहेरची खोली स्वच्छ होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ताज्या फुलांची वाटी. बाजेवर त्यांच्या पत्नी कौसल्याबाई उशीला टेकून बसल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड जुळलं नाही. तेव्हापासून बाजेवरच.

"बसा बाई," त्या म्हणाल्या. "कूलरसमोर बसा. तिथं नोका बसू, तिथून जातेत."

त्यांनी जिकडे हात केला तिकडे मी पाहिलं. खोलीत पांढऱ्या टाइल्स होत्या, निळ्या फुलांच्या. दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या, असं नागोराव म्हणाले. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत दीड हाताच्या पट्ट्यात एकही निळं फूल उरलं नव्हतं. टाइल्सची वरची काच गेली होती, रंग गेला होता, आतली लालसर माती उघडी पडून गुळगुळीत झाली होती. मी गुडघ्यावर बसून तळहात फिरवला. मधोमध बोटाचं एक पेर खोली.

मी म्हटलं, "काळी माती फुगते काका. खालून जमीन बसली असेल."

"व्हय," नागोराव म्हणाले. "मी बी तेच म्हनलं होतं."

४

मी जायला पाहिजे होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तिथेच येऊन बसले. कौसल्याबाईंच्या बाजेशेजारी, खुर्चीवर, हातात मोबाइल.

बारा वाजून दहा मिनिटांनी नागोरावांनी कूलर बंद केला.

"काहून?" कौसल्याबाई लटक्या रागाने म्हणाल्या. "पाहुनी घामानं भिजली पाहा."

"चालू ठेवला तं ऐकू येत नाई."

खोली चुलीसारखी तापली. बाहेर लिंबाची सावली अगदी बुडाशी गोळा झाली होती. समोरचं दार सताड उघडं, उंबरठ्यावर उन्हाची धारदार कड. सव्वाबाराला भांड्यांच्या मांडणीवरची एक ताटली किणकिणली. मग तिच्या शेजारची. मग तिसरी. दारापासून भिंतीकडे, ओळीने.

आणि मग खोलीतला उजेड हलला.

हे मला नीट सांगितलं पाहिजे. दारातून कोणी आत आलं नाही. मी दारावरून नजर काढली नव्हती. पण माणूस दारातून जाताना क्षणभर उजेड अडतो ना, तसा उजेड अडला. सुटला. पुन्हा अडला. सुटला. टाइल्सवर ओल्या तळव्यांचा पुसट आवाज येत होता. मी मोजायला लागले, कारण मला तेवढंच करता येतं. वीस. पन्नास. काही झरझर गेले, काहींना वेळ लागला. एकदा उजेड बराच वेळ अडून राहिला, तेव्हा तिथे कोणी डोक्यावर काहीतरी रुंद घेऊन दारातून वाकून जात असावं, असं मला अगदी स्पष्ट कळलं. एकशे बारापर्यंत मोजलं. त्यानंतर मोजणं लहानपणाचं वाटलं, म्हणून थांबले.

भीती होती, पण ती भीती खूप खोल विहिरीत वाकून पाहताना वाटते तशी होती. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. कुणाला माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ते जात होते आणि मी त्यांच्या वाटेच्या कडेला बसले होते. देवळाची भिंत आठवली. केव्हापासून जात असतील?

मी कौसल्याबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लग्नाची वरात पाहणाऱ्या मुलीसारखा झाला होता. आणि पातळाखाली त्यांचा मोडका पाय हलत होता, चालल्यासारखा. आठ महिने न हललेला पाय.

सगळं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "आज हळू चालले. उन्ह लई हाये म्हनून."

नागोराव उठून कूलर लावायला गेले.

५

यवतमाळला परत येऊन मी जे जे शक्य होतं ते पडताळून पाहिलं. घड्याळातले बारा आणि आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायची वेळ यात पंधरा मिनिटांचा फरक आहे. त्या गावी मे महिन्यात खरा मध्यान्ह सव्वाबाराला होतो. हे कळल्यावर मला बरं वाटलं. मध्यान्हीला टिन तापून फुगत असेल. टिन फुगलं की भांडी किणकिणतात. तापलेली हवा हलते, उजेड थरथरतो. मी हे सगळं एका कागदावर लिहिलं. टाइल्सचं काय, ते लिहायला जागा सोडली.

अठरा मेच्या संध्याकाळी नागोरावांचा फोन आला.

"मॅडम, एक काम होतं."

"बोला काका."

"ते आधी भिंतीच्या अंगानं जायचे. आता बाजेकडे सरकून राह्यले. आज मी पानी आनायले आत गेलतो. आलो तं कौसल्या बाजेच्या काठावर बसून. दोनी पाय खाली. त्या पट्ट्यात. मी म्हनलं, काय करतं वं? तं म्हनते, पाह्यत होती, मापात बसते का."

मी तो कागद ओढून टाइल्ससाठी सोडलेल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"तो दगड मीच आनला. त्याच्या मागं मागं ते आले. आता मले तो जिथला तिथं लावायचा हाये. पन रस्ता उंच झाला, रुंद झाला, झाडं तोडली. बत्तीस वर्षं बसलो तिथं अन् आता मले जागा सापडत नाई. तुमच्याकडे टेप हाये ना."

नोंद करणाऱ्याने दगड हलवायचा नसतो. कामाचा तो पहिला नियम. मी म्हटलं, "उद्या सकाळी येते."

६

दुसऱ्या दगडापासून एकशे चौऱ्याऐंशी मीटर. मी दोनदा मोजलं, मग चौथ्याकडून उलटं मोजलं. दोन्ही टेप एकाच ठिकाणी आले, नव्या रस्त्याच्या अगदी कडेला. तिथे मी खडूने फुली मारली. नागोराव फुलीवर उभे राहिले, समोरच्या टेकडीकडे पाहिलं, डोळे मिटले.

"हेच," ते म्हणाले. "इथून टेकडीची खाच अशीच दिसे."

जवळच्या तांड्यावरचे खेमसिंग ट्रॅक्टर घेऊन आले होते. दगड साखळीने बांधून ट्रॉलीत चढवायला दहा वाजले. कौसल्याबाईंनी बाजेवरून सगळं पाहिलं. काही म्हणाल्या नाहीत. निघताना नागोरावांनी त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार ओढून बाहेरून कडी घातली. अशी कडी घालताना त्यांना लाज वाटत होती, हे मला दिसलं.

मुरूम दाबून दाबून लोखंडासारखा झाला होता. पहार आपटली की हाताला झिणझिण्या यायच्या. अकरा वाजेपर्यंत गुडघाभर खड्डा झाला नव्हता. खेमसिंग पन्नाशीचे, अंगाने दणकट, पण त्यांनाही दर पाच मिनिटांनी थांबावं लागत होतं. मी टोपल्याने मुरूम उपसत होते. डोळ्यांत घाम जात होता. पावणेबारा. बारा. बारा वाजून पाच मिनिटांनी दगड खड्ड्यात सोडला. तो तिरपा बसला. आम्ही तिघांनी खांदे लावून त्याला सरळ केला, नागोरावांनी बुडात धोंडे ठोकले.

"झालं," खेमसिंग म्हणाले. मग त्यांनी मोबाइल पाहिला, ट्रॅक्टरवर चढून तो बंद केला, खाली उतरले आणि शेताकडे तोंड करून उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी पाह्यत नाई बाई. तुमी बी पाहू नोका."

मी नागोरावांकडे पाहिलं. ते दगडाला हात टेकवून उभे होते. हात जोडलेले नव्हते. मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा हात होता. त्यांच्या पायाशी सावली नव्हती. माझ्याही नव्हती, जवळजवळ. सूर्य नेमका डोक्यावर आला होता. त्या आठवड्यात आपल्याकडे तो येतोच.

७

मी पाहिलं.

दुसऱ्या दगडाकडून रस्त्यावर सावल्या येत होत्या. मध्यान्हीची सावली केवढी असते? ताटाएवढी, पायांत गोळा झालेली. तशा सावल्या. डांबरावर एकीमागे एक, माणसाच्या चालीने. त्यांच्या वर कोणी नव्हतं. वर नुसती तापलेली, थरथरणारी हवा.

पहिली आमच्या समोरून गेली तेव्हा मी श्वास रोखला. दुसरी लंगडत होती. प्रत्येक दोन पावलांनी जरा कलायची. एक रुंद होती, डोक्यावर भाऱ्यासारखं काही असावं. एक मोठी आणि तिच्या अंगाला चिकटून एक अगदी वाटीएवढी. ती वाटीएवढी मध्येच मागे राहिली, मोठी थांबली, छोटी पळत येऊन चिकटली, मग दोघी पुढे निघाल्या. हे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं, ते मला आजही ठाऊक नाही.

सडकेपर्यंत नजर टाकली. ओळीला शेवट नव्हता. दुपारच्या त्या पांढऱ्या उजेडात ती काळी ठिपक्यांची रेघ सडकेपलीकडे, शेतांपलीकडे, टेकडीच्या खाचेपर्यंत गेलेली दिसत होती. आणि कुठेही घाई नव्हती. आवाज एवढाच, ओल्या दगडावर अनवाणी पायांचा. पायाखाली डांबर होतं, तरी आवाज दगडाचाच.

तिसऱ्या दगडापाशी आल्या, वळल्या नाहीत. घराच्या वाटेकडे एकही गेली नाही. सरळ चौथ्याकडे निघाल्या. नागोरावांच्या तोंडून मोठा श्वास सुटला.

"गेले," ते पुटपुटले. "वाटेनं गेले."

तेव्हाच मला ओळीत एक मोकळी जागा दिसली. एका माणसाएवढी. पुढची सावली पुढे, मागची बरीच मागे, आणि मधलं अंतर कोणी भरत नव्हतं. ती मोकळी जागा आमच्या समोर आली आणि तिथेच थांबली. मागची सगळी ओळ थांबली. टेकडीपर्यंत.

घराकडच्या वाटेने कौसल्याबाई येत होत्या.

अनवाणी. सरळ. काठी नाही, भिंतीचा आधार नाही. पदर खांद्यावरून नीट घेतलेला, बाजारला निघाल्यासारखा. त्या रस्त्यावर चढल्या, आमच्यापासून पाच हातांवर, आणि आमच्याकडे न पाहता त्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. पायाखाली त्यांची सावली ताटाएवढी. ओळ हलली. त्या ओळीबरोबर चालू लागल्या.

"कौसल्या," नागोराव म्हणाले.

८

आम्ही शेतातून धावलो. रस्त्यावर पाय ठेवायची हिंमत दोघांचीही झाली नाही. नांगरलेल्या ढेकळांतून, भेगांतून, पडत-उठत. त्या मात्र वाटेने शांत चालत होत्या. आम्ही देवळाशी पोचलो तेव्हा त्या उंबरठा ओलांडून आत गेल्या होत्या.

उन्हातून एकदम अंधारात आल्यावर मला काही दिसेना. मग हळूहळू दिसलं. मंडपात कोणी नव्हतं, पण मंडप भरलेला होता. दाटीच्या खोलीत शिरल्यावर अंगाला कळतं, तसं कळलं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हवा गार, आणि पट्ट्यावरून ऊब वाहत होती, माणसांच्या अंगाची.

कौसल्याबाई गाभाऱ्यात मागच्या भिंतीसमोर होत्या. उजवा हात पुढे केलेला. तो हात मला मनगटापर्यंत दिसला. मनगटाच्या पुढे दिसला नाही. माझे डोळे उन्हाने दिपलेले होते, टॉर्च ट्रॉलीत राहिला होता, गाभाऱ्यात अंधार होता. मी हे सगळं तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आता तुम्हालाही सांगते. पण त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. समोरून. भिंतीकडून.

नागोराव गाभाऱ्याच्या दारात थांबले. पुढे जाऊन बायकोला मागे ओढतील असं मला वाटलं. त्यांनी ओढलं नाही. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दुपट्टा कुठेतरी शेतात पडला होता.

"कौसल्ये," ते हळूच म्हणाले. "वांग्याची भाजी केली हाये मी. मीठ पाह्यचं राह्यलं तुयं."

काही झालं नाही.

"तू म्हनशील तं मी नाई अडवत," ते म्हणाले. "पन सांगून तं जा ना वं. चाळीस वर्षांत तू कधी न सांगता घराबाहेर गेली नाई."

कौसल्याबाईंनी मान वळवली.

तेवढंच. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरचा उजेड विझला. हात खाली आला. पाचही बोटं होती, मी मोजली. मग सगळं वजन एकदम पायांवर आल्यासारख्या त्या कोसळल्या. नागोरावांनी त्यांना जमिनीवर पडू दिलं नाही.

माझ्या डाव्या अंगाने काहीतरी सरकत राहिलं, बराच वेळ, शांतपणे, भिंतीकडे. मग मंडप रिकामा झाला. हे मी पाहिलं नाही. मला कळलं.

९

ट्रॉलीत गोधडी टाकून आम्ही त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. घराच्या दाराची कडी तशीच बाहेरून घातलेली होती. गोधडी आणायला खेमसिंग गेले तेव्हा त्यांनीच ती काढली. मला सांगताना त्यांनी दोनदा सांगितलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड मोडलेलं ते मोडलेलंच होतं. या पायावर बाई उभीसुद्धा राहू शकणार नाही, ते म्हणाले, तुम्ही यांना कुठे घेऊन गेला होतात? डॉक्टरांनी पाय तपासले. भाजल्याच्या खुणा नव्हत्या. त्या तापलेल्या डांबरावरून चालूनही एक फोड नव्हता. तळवे मात्र लहान मुलासारखे झाले होते, गुळगुळीत. टाचेला एक भेग नाही. तळव्यावर एक रेष नाही.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. दुपार कलली होती. वॉर्डात खिडकीशी त्यांची खाट. नागोराव पायथ्याशी बसून त्यांच्या तळव्यांना तेल लावत होते, जपून, जणू नव्याने ओळख करून घेत असावेत. मी आणलेली केळी ठेवली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. घरी आता दुपारी काहीच होत नाही, नागोराव म्हणाले. भांडी वाजत नाहीत.

शेवटी मला राहवलं नाही. "मावशी, तिकडे काय होतं?"

कौसल्याबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं त्या सांगणार नाहीत.

"जागा," त्या म्हणाल्या. "लई जागा होती बाई. इतकी जागा मी जल्मात नाई पाह्यली."

"लोक?"

"होते ना. पन दाटी नव्हती. चालून चालून इतके गेले, तरी दाटी नव्हती."

"मग परत का आलात?"

त्या हसल्या. हे काय विचारणं झालं, अशा चेहऱ्याने.

"हे दारात उभे होते ना. डोक्यावर दुपट्टा नाई, काही नाई."

नागोरावांचा हात थांबला होता. ते मान खाली घालून, त्या रेष नसलेल्या तळव्याकडे पाहत बसले होते. बाजूच्या खाटेवर कोणाचं तरी मूल रडत होतं, नर्स औषधांची गाडी ढकलत गेली. मग त्यांनी मान वर न करताच विचारलं, आम्हा दोघींनाच ऐकू जाईल इतक्या हळू,

"दोघाईची जागा होती का वं?"

"होती," कौसल्याबाई म्हणाल्या. "मी पाहून आली."